पेपरांखालचा कोरा फळा

१

तिनं पेपर ओढले आणि खाली फळा निघाला. नुसता फळा.

शिक्षिका होऊ घातलेल्या त्या मुलीनं आदल्या संध्याकाळी दार लावून त्यावर परिसराचा नकाशा काढला होता. नदी निळ्या खडूनं, रस्ते पिवळ्या, शाळांचे गोल पांढऱ्या. मग वर्तमानपत्राची पानं चिकटपट्टीनं लावून सगळा फळा झाकला होता, कारण झाकलेल्या वस्तूकडे मुलं डोळे लावून बसतात, असं अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्या पुस्तकात खऱ्या निघणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक. अध्यापक कॉलेजच्या शाळेतली ती पाचवीची मुलं खरोखरच डोळे लावून बसली होती. मागच्या बाकावर शिष्यवृत्ती समिती बसली होती. तिच्या शेजारी प्राचार्यबाई.

"बघू या हं, आत काय लपलंय!" असं म्हणून मुलीनं पानं खाली ओढली.

"काहीच नाही लपलंय," पहिल्या बाकावरून प्रामाणिक उत्तर आलं, आणि वर्ग हसला.

हसणाऱ्या पाचवीपुढे कोऱ्या फळ्याकडे पाठ करून उभं राहणं पट्टीच्या मास्तरालाही जड जातं. ही तर अजून मास्तरीण व्हायची होती. तिच्या हातातला खडू मोडला, आणि समितीनं शेरा लिहिला : पूर्वतयारीचा अभाव, शिष्यवृत्ती बंद करावी.

शिष्यवृत्ती बंद म्हणजे फी बंद, वसतिगृह बंद आणि मुलीचं शिक्षिका होणं बंद. वडील नव्हते. आईचं शिवणकाम दोघींच्या पोटापुरतं. एक आत्या होती, पण तिच्या पगारात एक संसार आणि एक अंथरुणाला खिळलेला नवरा आधीच कोंबून बसवलेला होता.

मुलगी वर्गाबाहेर आली आणि तिनं आत्यालाच फोन लावला. रडली नाही. म्हणाली, "आत्या, माझा नकाशा कुणी तरी पुसला. आणि पुसून पेपर पुन्हा जसेच्या तसे लावले."

"फळ्याला हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "कुणाला लावूही देऊ नकोस. मी निघाले."

२

आत्या विमा कंपनीत दावे तपासायची. दुकान पाण्यात बुडालं की कर्जात, हे ती आत पाऊल टाकताच ओळखायची. कंपनीत तिला 'नामंजूरबाई' म्हणत, आणि ते नाव तिच्या कानावर गेलेलं नाही, असा सगळ्यांचा गोड गैरसमज होता.

ती पोचली तेव्हा कॉलेजनं प्रकरण निकालात काढलेलंसुद्धा होतं. शिपायानं फळा पुसला. शिपायाला काढून टाकलं. संपलं.

फाटकाशी तो पिशवी घेऊन उभा होता. कुठं जायचं ते सुचत नसलेल्या माणसासारखा.

"पुसलात का हो फळा?" आत्यानं विचारलं.

"ताई, पेपर लावलेला फळा कशाला पुसू? तिकडं गेलोच नाही मी."

"एरवी कसा पुसता?"

"फडकं ओलं करायचं नि गरागरा फिरवायचं. आरशासारखा होतो. तरी हे लोक ओरडतातच."

आत्या वर गेली. पाचवीचा वर्ग तिला एका चष्मेवाल्या तरुण शिक्षकानं दाखवला. पाचवीचा वर्ग बंद करून भाची दाराला टेकून उभी होती, हातात मोडका खडू तसाच. आत फळा जसा सापडला तसा होता. आत्या चष्मा वर-खाली करत त्याच्याजवळ गेली, लांब गेली, पुन्हा जवळ आली.

"हे पट्टे बघ. वरून खाली, सरळ, एकाला एक लागून. गवंड्यानं भिंत धरावी तसे."

भाचीनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आम्ही असंच पुसतो. पहिल्याच आठवड्यात शिकवतात. वरून खाली पुसलं की धूळ खालच्या पट्टीत पडते, मुलांच्या नाकातोंडात जात नाही. आडवं किंवा गोल पुसलं तर मार्क कापतात."

"म्हणजे शिपाई सुटला."

"आत्या, म्हणजे आमच्यातलंच कुणी तरी!"

"अगं, पुसणारा माणूस गुन्हा करत होता, आणि त्या वेळीसुद्धा मुलांच्या नाकाची काळजी घेत होता," आत्या म्हणाली. "इतका सुसंस्कृत चोर मी आजवर पाहिला नाही. आता नकाशा सांग. जसा होता तसा. काही गाळू नकोस."

भाचीनं सांगितला. सुट्टीत ती परिसरातल्या शाळा पायी फिरली होती. जिथं शिक्षक होता तिथं भरीव गोल काढला. जिथं नव्हता तिथं रिकामा. मुलांना नकाशाची सूची शिकवायला सोपं जावं म्हणून.

"रिकामे गोल किती?"

"बरेच. नदीपलीकडच्या शाळेत तर सातवीची एक मुलगी पहिलीला शिकवत होती. माझ्यापेक्षा बरं शिकवत होती." तिचा आवाज प्रथमच चढला. "बाकी नकाशा पूर्ण होता. फक्त उत्तर दिशेचा बाण फळ्यावर काढला नव्हता. टाचणात काढलाय, पण फळ्यावर मुद्दाम सोडला. सूर्य कुठं उगवतो ते विचारून मुलांकडूनच काढून घेणार होते."

पाठाचं टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा याचा कागदावरचा आराखडा. पाठाआधी तो मार्गदर्शकांकडून तपासून घ्यावा लागतो.

"हे बाणाचं कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही. फळ्यासमोर उभी असतानाच सुचलं. लगेच पेपर लावले."

 दाव्याच्या फायलीत पहिली खोटी पावती सापडली की आत्या जशी नाक खाजवायची, तशी तिनं नाक खाजवलं.

३

शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षायादीत पहिला नंबर ज्याचा होता, त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. बटण कुठं आहे हे अजून कुणाला सापडलं नव्हतं.

"मला माहीत होतं तुम्ही माझ्याकडे येणार," तो दारातच सुरू झाला. "सगळे माझ्याकडेच बघतायत. कॅन्टीनवाल्यानं चहा देताना विचारलं, 'काय, लागला नंबर?' अहो, मला हवी आहे शिष्यवृत्ती, नाही कशाला म्हणू! पण अशी? तिचे पाठ मी पाहिलेत. आवाज जरा बारीक आहे, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत नाही, उजव्या बाजूच्या मुलांकडे दुर्लक्ष होतं. बाकी उत्तम."

"आणि नकाशा?"

"तो कुठं पाहायला मिळाला! बाईसाहेब दार लावून बसलेल्या. नंतर बघतो तर नुसते पेपर. त्यावरची एक बातमी वाचली मी. महागाईची."

आत्यानं मनात नोंद केली की या इमारतीत पाठाचा विषय काढला की समोरच्याच्या तोंडून आपोआप शेरा बाहेर पडतो. डॉक्टरांनी सांगितलं की जीभ बाहेर येते तसा. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या चुका टिपल्या की माणसाचं असंच होत असावं.

भाचीचे मार्गदर्शक सर तर या रोगाचे अर्कच होते. मुलं त्यांना 'शेरासर' म्हणत. लग्नाच्या पंगतीतही ते वाढणाऱ्याला दहापैकी गुण देतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई.

"या तुम्ही," शेरासर म्हणाले. "खुर्ची ओढताना आवाज झाला. असो."

"सर, नकाशा कसा होता?"

"आदर्श! चौकट होती, प्रमाण होतं, उत्तर दिशेचा बाण होता. मी स्वतः टाचण तपासलंय. परिसराचा नकाशा, पाचवीच्या मानानं निर्दोष. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते हो." त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "आणि आज मी तिथं मागच्या बाकाशेजारी उभा होतो. तिचा खडू मोडताना पाहिला. काही करू शकलो नाही. चालू पाठात निरीक्षकानं बोलायचं नसतं."

"टाचणात शाळांचे गोल होते?"

"गोल? नाही. तिथं फक्त चौकट, नदी, रस्ते नि बाण. तपशील फळ्यावर भरायचा असतो."

आत्या उठली. या वेळी तिनं खुर्ची उचलून मागे ठेवली. शेरासरांनी समाधानानं मान डोलावली.

जिना उतरताना ती थबकली. भिंतीवर फोटोंची रांग होती. वर झोकदार अक्षरात : 'आमचे शिष्यवृत्तीधारक, सध्या समाजाच्या सेवेत'. प्रत्येक फोटोखाली त्याच्या शाळेचं नाव. एका सडपातळ चष्मेवाल्या तरुणाच्या फोटोखाली होतं, 'नदीपलीकडची शाळा'.

आत्यानं तो चेहरा आल्याआल्याच पाहिला होता. पाचवीचा वर्ग तिला त्यानंच दाखवला होता. तो पाचवीचा वर्गशिक्षक होता. इथं. कॉलेजच्या स्वतःच्या, भरभक्कम फी घेणाऱ्या शाळेत. आत्या परत वर गेली, बाकीच्या फोटोंखालच्या शाळा भाचीच्या रिकाम्या गोलांशी पडताळल्या, आणि मग त्या वर्गशिक्षकाला गाठून त्याचा पगार विचारला.

४

प्राचार्यबाईंच्या खोलीत एसी होता, आणि त्याच्या खाली समितीचे अध्यक्ष बसले होते. उद्योगपती, सढळ हाताचे. परिसरातल्या गरीब शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून वडिलांच्या नावानं शिष्यवृत्ती देत. समिती दोन दिवसांच्या मुक्कामी होती. आत्या आली तेव्हा सगळे चहा पीत होते.

"या ना," प्राचार्यबाई मायेनं म्हणाल्या. "तुमचं दुःख मी समजू शकते. पण शिपायाला आम्ही शिक्षा केली आहे."

"केलीत खरी," आत्या म्हणाली. "त्यानं पेपर काढले, नकाशा पुसला, पेपर जागच्या जागी पुन्हा लावले. इतका टापटिपीचा गडी मिळाला तर मी त्याला घरी ठेवून घेईन."

अध्यक्ष हसले. प्राचार्यबाई हसल्या नाहीत.

"अहो, आणि खरं सांगायचं तर," आत्या सुस्कारा टाकून म्हणाली, "एवढा निर्दोष नकाशा पुसला गेला, याचंच मला वाईट वाटतं. तुमचे सरच म्हणत होते."

"निर्दोष?" प्राचार्यबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही त्या क्षेत्रातल्या नाही म्हणून सांगते. मुलगी गुणी आहे, पण पायाच कच्चा. उत्तर दिशासुद्धा दाखवली नव्हती तिनं. नकाशाची पहिली अट! पाचवीच्या मुलानं केलं तर मी अर्धे गुण कापीन."

आत्यानं नाक खाजवलं.

"नव्हती दाखवली," आत्या म्हणाली. "खरं आहे. बाण टाचणात होता. ज्यांनी टाचण पाहिलं ते सर शपथेवर सांगतील की बाण होता. ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांना बाणाचं नावही माहीत नाही. फळ्यावर बाण नव्हता, हे फक्त फळा पाहणाऱ्याला कळेल. आणि फळा झाकल्यापासून पुसेपर्यंत तो पाहिला एकाच माणसानं. ज्यानं पेपर काढले त्यानं." तिनं चष्मा वर सरकवला. "पुसताना तुम्ही मनातल्या मनात गुण देत होता, प्राचार्यबाई. सवयीला काय करणार!"

५

"एका बाणावरून तुम्ही प्राचार्यांना चोर ठरवताय?" अध्यक्ष म्हणाले.

"चोर काही तरी घेऊन जातो, साहेब. यांनी फक्त तुम्हाला दिसू नये याची काळजी घेतली. नकाशावर रिकामे गोल होते. शिक्षक नसलेल्या शाळांचे. जिन्यातल्या फोटोंखाली तुमचे शिष्यवृत्तीधारक ज्या शाळांत 'सेवा' करतायत म्हणून लिहिलंय, त्याच शाळांचे. तुम्ही दरवर्षी ती भिंत बघून खूश होऊन जाता. यंदा मागच्या बाकावर बसून तुम्ही तो नकाशा बघितला असता."

"नेमणुका प्रक्रियेत आहेत," प्राचार्यबाई शांतपणे म्हणाल्या. "तोवर ती मुलं आमच्या शाळेत अनुभव घेतायत."

"अर्ध्या पगारावर. आणि कुणी सोडतो म्हणालं की त्याला शिष्यवृत्ती परत करायची धमकी."

अध्यक्षांनी बराच वेळ रुमालानं कपाळ पुसलं. आत्या त्यांच्याकडे बघत होती. बुडीत दुकानाचा मालक हिशोब दाखवताना जसा दिसतो, तसे ते दिसत होते. फसवला गेल्याचं दुःख थोडं, आपलं नाव छापून येईल याची भीती जास्त.

"असं करू," ते शेवटी म्हणाले. "मुलीला उद्या पाठ पुन्हा घेऊ द्या. विषय साधा. फुलाचे भाग. चांगला घेतला तर शिष्यवृत्ती चालू. आणि ही गोष्ट इथंच संपली. कॉलेजची बदनामी कुणाच्याच हिताची नाही. काय, बेटा?"

भाची दारात उभी होती. आत्याला वाटलं होतं, ही आता कडाडून नाही म्हणेल.

"घेते," भाची खाली मान घालून म्हणाली.

आत्याचा अंदाज साफ चुकला. रागावणार तरी कुणावर? उपाशी माणसानं ताट स्वीकारलं, तर पहिला राग ताट पुढं करणाऱ्यावर यायला हवा. तो तिला आलाही होता, पण त्यातला थोडा भाचीच्याही वाट्याला गेला, आणि त्याची तिला लाज वाटली.

६

दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी. समिती मागच्या बाकावर, शेजारी प्राचार्यबाई आणि शेरासर, भिंतीला टेकून पाचवीचे चष्मेवाले वर्गशिक्षक. आत्या दाराबाहेरच्या खिडकीशी.

भाचीनं फूल काढलं. पाकळ्या, देठ, पुंकेसर. मुलांनी नावं सांगितली. अध्यक्ष घड्याळाकडे बघत संतुष्ट झाले.

मग भाचीनं फुलाच्या बाजूला एक निळी रेघ ओढली. वळणावळणाची.

"हे फूल नदीकाठी उगवतं. तुमच्यातलं नदीपलीकडून कोण येतं?"

मागच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली. "मी. बसनं येते."

"एवढ्या लांब? तिकडं शाळा नाही?"

"आहे ना. पण तिथं सर नाहीत. म्हणून बाबांनी फी भरून इथं घातलं."

भाचीनं नदीपलीकडे एक गोल काढला. रिकामा. "आणखी कुणाच्या घराजवळ अशी शाळा आहे?"

हात वर झाले. गोल वाढू लागले. बाहेर उभ्या आत्याला तेव्हा कुठं पूर्ण हिशोब लागला. तिकडच्या शाळेतला मास्तर इथं आणायचा, म्हणजे तिकडची पोरं आपोआप त्याच्या मागं फी घेऊन येतात! दान अध्यक्षांचं, मास्तर अर्ध्या पगाराचा, गिऱ्हाईक आयतं.

"थांबव!" प्राचार्यबाई उभ्या राहिल्या. "हा विषय नाहीये."

"बाई," शेरासर जागचे न हलता म्हणाले.  "चालू पाठात निरीक्षक बोलत नसतो. आपणच लिहिलाय तो नियम. बसा."

चाळीस पोरं प्राचार्यबाईंकडे वळून बघत होती. त्या बसल्या.

भाचीनं नदीपलीकडच्या गोलावर बोट ठेवलं. "या शाळेचे सर कुठं गेले, कुणाला माहीत आहे?"

वर्ग विचारात पडला. मग एक हात वर गेला. भिंतीशी. मोठ्या माणसाचा.

"सांगा, सर," भाची म्हणाली.

"मी तिथला," चष्मेवाले वर्गशिक्षक म्हणाले. "मला जाऊ देत नाहीत."

७

शिष्यवृत्ती चालू राहिली. तेवढ्या साक्षीदारांसमोर अध्यक्षांना दुसरं काही सुचलं नाही. चष्मेवाले आणि त्यांच्यासारखे बाकीचे आपापल्या शाळांवर रवाना झाले. शिपायाला परत बोलावलं, पूर्वीच्याच पगारावर, माफीचा शब्द न काढता. प्राचार्यबाई रक्तदाबाच्या रजेवर गेल्या. चौकशी समिती नेमली आहे, आणि तिनं अहवाल देण्याआधी मुदतवाढ मागितली आहे.

भाचीला भेटायला आत्या पुन्हा आली, तेव्हा शाळेच्या फाटकावर पालकांची ही गर्दी. गाड्यांचे हॉर्न, मोबाईलवर चित्रीकरण, एक पत्रकारसुद्धा. एक सफारीवाले गृहस्थ गजांना धरून ओरडत होते.

"दोन दिवस वर्गावर शिक्षक नाही! पोरांनी काय एकमेकांना शिकवायचं?"

"नदीपलीकडं तसंच चालायचं," आत्या त्यांच्याशेजारी येऊन म्हणाली. "कित्येक वर्षं. तिथं कुणी गाडी घेऊन ओरडायला आलं नाही."

गृहस्थांनी तिच्याकडे समजूतदारपणे पाहिलं. "अहो, ते वेगळं हो."

आत्यानं खांद्यावरची पर्स काढली, फाटकाच्या कठड्यावर ठेवली आणि पदर खोचला.

"काय वेगळं, ते सांगा," ती म्हणाली. "मी रजा टाकून आलेय."